पाठीवरची जखम

सरकारी अर्जातले बहुतेक रकाने माणूस डोळे मिटून भरतो. नाव, पत्ता, जन्मतारीख, मृत्यूची तारीख. शिंपीकाम करणाऱ्या मास्तरांनीही ते तसेच भरले आणि चौदाव्या रकान्यापाशी येऊन अडले. तिथे विचारलं होतं, 'जखम शरीराच्या कोणत्या भागावर झाली?' आणि पंधराव्यात, 'जखम होतेवेळी सैनिक काय करीत होता?'

स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्यांची आई मटार सोलत बसली होती.

"काय झालं रे? थांबलास का?"

"काही नाही. जखम कुठे झाली ते विचारलंय."

"मग लिही की. पाठीवर."

"लिहितो," मास्तर म्हणाले. पण त्यांनी पेनाला टोपण घातलं, अर्जाची घडी केली आणि दुकान उघडायची वेळ झाली असं सांगून उठले. दुकान उघडायला अजून तासभर अवकाश होता.

मास्तरांचे वडील सैन्यात स्वयंपाकी होते. तीन वर्षं युद्धाच्या काळात, आणि युद्ध संपल्यावर तीस वर्षं दोरखंडाच्या कारखान्यातल्या कँटीनमध्ये. चार वर्षांपूर्वी ते वारले. त्यांच्या पाठीवर उजव्या खांद्याच्या फऱ्यापासून कमरेपर्यंत एक लांबलचक व्रण होता, घाईत शिवलेल्या गोणीसारखा. मास्तर पुढे शिंपी झाले तेव्हा त्यांना कळलं, की ते टाके चार वेगवेगळ्या हातांनी घातलेले असावेत. पण तो व्रण त्यांनी उभ्या आयुष्यात सहा-सात वेळाच पाहिला. वडील कोणासमोर सदरा काढत नसत. ऐन उन्हाळ्यातसुद्धा नाही.

युद्धात जखमी झालेल्यांना सरकार पदक देत असे. त्या वेळी अनेकांची नावं यादीतून राहून गेली होती, म्हणून आता इतक्या वर्षांनी पुन्हा अर्ज मागवले होते. जखमी माणूस हयात नसेल तर वारसाने अर्ज केला तरी चालणार होता. वर्तमानपत्रातली ती बातमी आईनेच कापून ठेवली होती.

मग मास्तरांची अडचण कसली होती? अडचण कोपऱ्यावरच्या केशकर्तनालयात होती.

तिथे रोज सकाळी दाढीला आणि गप्पांना माणसं जमत. त्यांच्यात एक वयस्क गृहस्थ होते, त्यांना सगळे कॅप्टन म्हणत. ते कॅप्टन कधीच नव्हते, पण युद्धावर होते हे खरं होतं आणि एका पायाने लंगडत हेही खरं होतं. तोफगोळा कसा पडला, ते कसे मागे हटले नाहीत आणि मोडक्या पायानिशी तोफेपाशी कसे उभे राहिले, ही हकिगत त्यांनी त्या खुर्चीत बसून शेकडो वेळा सांगितली होती. अशाच एका सकाळी मास्तरांच्या वडिलांचा विषय निघाला. सदऱ्याआडचा व्रण कोणीतरी कधीतरी पाहिला होता.

"हे बघा," कॅप्टन तेव्हा म्हणाले होते, "छातीवर जखम असली तर माणूस लढत होता. पाठीवर असली तर..." त्यांनी बोटं टेबलावर तुरुतुरु पळवून दाखवली. "आमचे स्वयंपाकीबुवा पाठमोरे होते!"

दुकान हसलं. त्या दिवसापासून वडिलांचं नाव 'पाठमोरा' पडलं. एकदा नाव पडलं, की ते पुसायला पाणी पुरत नाही, जन्म लागतो. वडिलांनी त्या दुकानात जाणं सोडलं. पुढची सगळी वर्षं आईच त्यांचे केस कापत असे.

मास्तर अकरा वर्षांचे असताना या नावावरून शाळेत मारामारी करून आले. ओठ फुटलेला. वडील कांदे चिरत होते. पोराने सरळ विचारलं, "बाबा, तुम्ही पळत होता का?"

सुरी क्षणभर थांबली. "चालत होतो," वडील म्हणाले आणि पुन्हा कांदे चिरू लागले.

पोराला ते पटलं नाही. पळणारा माणूस दुसरं काय सांगणार? त्यानंतर रस्त्याने जाताना तो वडिलांच्या बरोबरीने चालेनासा झाला. दहा पावलं पुढे किंवा दहा पावलं मागे. वडिलांच्या ते लक्षात आलं असणारच. ते कधी काही बोलले नाहीत.

आता त्या गोष्टीला छत्तीस वर्षं झाली होती, आणि चौदावा रकाना रिकामा होता.

अर्ज सैन्याच्या जुन्या नोंदी ठेवणाऱ्या अभिलेख कार्यालयात द्यायचा होता. त्याच्या बाहेर पत्र्याच्या शेडखाली एक अर्ज लिहून देणारा टाइपरायटर मांडून बसायचा. मास्तर त्याच्यासमोरच्या स्टुलावर बसले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि कळांवरचे हात उचलले.

"पाठीवर? अहो, पाठीवर नको."

"पण आहेच पाठीवर. सेवापुस्तिकेत तशी नोंद आहे."

"असू द्या. नोंद आपण कशाला बदलायची? पण काय करताना लागलं, ते तरी चांगलं असू दे की. काय करत होते?"

"माहीत नाही."

"वा!" लिहिणाऱ्याचा चेहरा उजळला. "म्हणजे जागा मोकळी आहे. असं करू. एक जखमी अधिकारी जमिनीवर पडलाय. वरून गोळे येतायत. तुमचे वडील धावत जातात आणि त्याच्या अंगावर आडवे होतात. आता तुम्हीच सांगा, मग लागणार कुठे? पाठीवरच ना!"

टाइपरायटर खडखडू लागला. कागद बाहेर आला तेव्हा त्यावर 'स्वतःच्या देहाची ढाल करून' असे शब्द होते. मास्तरांनी ते दोनदा वाचले आणि त्यांचे डोळे भरून आले. असं घडलं नसेलच कशावरून? 'वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे' या ओळीखाली त्यांनी सही केली आणि आत जाऊन अर्ज खिडकीवर दिला. कारकुनाने शिक्का मारला, पोचपावती दिली आणि सांगितलं, "एक साक्ष जोडावी लागेल. बरोबरचा सैनिक, डॉक्टर, कोणीही चालेल. तीन महिन्यांत आणा."

घरी येऊन मास्तरांनी अर्जाची प्रत आईला वाचून दाखवली. तिने हातातलं काम बाजूला ठेवून शांतपणे ऐकलं.

"छान लिहिलंय," ती म्हणाली. "कोणाबद्दल आहे हे?"

"आई! बाबांबद्दल."

"मला नाही रे ओळखू आले."

"मग तुला त्यांनी काय सांगितलं होतं?"

"मी विचारलं नाही. त्यांना नको असायचं. जे नको ते कशाला उकरायचं?" तिने काम पुन्हा हातात घेतलं. "पण पट्टी बदलणारी एक सिस्टर होती. वर्षातून एकदा तिचं पत्र यायचं. चारच ओळी. पाठ कशी आहे, म्हणून विचारायची. हे गेले तेव्हा मी तिला कळवलं, तर मला दोन पानी पत्र आलं. पत्ता आहे माझ्याकडे."

साक्षीदार सापडला म्हणून मास्तरांना आनंद झाला. पुढच्या सुटीच्या दिवशी ते बसने निघाले.

सिस्टर दुसऱ्या गावात आपल्या भाचीकडे राहत होत्या. वय ऐंशीच्या पुढे, पाठ ताठ, नजर तेवढी अधू. मास्तरांनी ओळख सांगितल्यावर त्यांनी हात धरून जवळ बसवलं, कुठून आलास, आई कशी आहे, विचारलं. मग मास्तरांनी अर्जाची प्रत पुढे केली. सिस्टरनी भिंग मागवून ती सावकाश वाचली, उलटी करून मागची कोरी बाजू पाहिली आणि परत दिली.

"तू चुकीच्या घरी आलास."

"म्हणजे?"

"मी सात आठवडे त्या पाठीची पट्टी बदलली, बाळा. या अर्जातला माणूस माझ्या वॉर्डात कधी आलाच नाही. मी सही कशावर करू?"

मास्तरांचे कान लाल झाले. "सिस्टर, तपशील थोडे इकडेतिकडे झाले असतील. पण जखम तर खरी आहे ना?"

"जखम खरी आहे. तू तिच्यावर खोटी पट्टी बांधून आणलीस." त्यांनी भाचीला हाक मारली आणि कपाटातली जाड पुठ्ठ्याची वही काढायला सांगितली. रोज कोणाची पट्टी बदलली, याची ती त्यांची स्वतःची टिपणवही होती. पानं पिवळी झाली होती, अक्षर मात्र खणखणीत. त्यांनी एका पानावर बोट ठेवलं. "वाच. मोठ्याने."

मास्तरांनी वाचलं. "खाट क्रमांक नऊ. पाठ, उजवी बाजू. तुकडे सहा. पाच पातेल्याचे. एक कशाचा, कळत नाही." ते थांबले. "पातेल्याचे?"

"पातेल्याचे. टेकडीवरच्या खंदकात अठ्ठावीस जण होते. त्यांना रोज दुपारी जेवण पोहोचवायचं. स्वयंपाक्यांनी पाळ्या लावल्या होत्या, त्या दिवशी पाळी तुझ्या वडिलांची. पाठीवर पातेली बांधून वर गेला, सगळ्यांना जेवू घातलं, रिकामी पातेली पुन्हा पाठीला बांधली आणि खाली निघाला. मागे गोळा फुटला. पातेल्याच्या चिंधड्या झाल्या आणि त्या पाठीत शिरल्या. पातेलं नसतं तर वाचला नसता, असं डॉक्टर म्हणाले."

"म्हणजे ते परत येत होते," मास्तर पुटपुटले. "पाठ शत्रूकडे होती."

"मग? जेवण देऊन परत येणाऱ्याने काय उलटं चालत यायचं?"

मास्तरांना हसू आलं नाही. त्यांनी विचारलं, "सिस्टर, तेव्हा ते पळत होते का?"

"पळायची बंदी होती त्यांना. रिकामी भांडी वाजतात. पळालं की खडखडाट होतो, आणि खडखडाट झाला की खंदकाची जागा समजते. म्हणून वरून गोळे पडत असले तरी त्या उतारावरून चालत यायचं, असा हुकूम होता. चालत होता तो."

चालत होतो! कांदे चिरता चिरता वडिलांनी तेच सांगितलं होतं. अगदी तेवढंच, अगदी खरं! अकरा वर्षांच्या पोराला ते खोटं वाटलं, ते एक वेळ समजता येतं. पण ते पोर मोठं झालं, त्याचं लग्न झालं, त्याला मुलं झाली, आणि एकदाही त्याने परत जाऊन विचारलं नाही, बाबा, चालत का होता? मास्तरांनी मान खाली घातली. भाचीने आणलेला चहा तसाच निवत राहिला.

"पण लोक हसतील, सिस्टर," शेवटी ते म्हणाले. "तोफेचा गोळा नाही, बंदुकीची गोळी नाही. पातेलं! आधीच पाठमोरा म्हणतात."

"हसतील ना. तेव्हाही हसले होते." सिस्टरनी वही मिटली. "पदकाची यादी करायला एक अधिकारी वॉर्डात आला होता. खाटेखाटेपाशी थांबून विचारायचा, जखम कशाने झाली? नऊ नंबरला तुझे वडील पालथे पडलेले. ते म्हणाले, पातेल्याने. सगळा वॉर्ड हसला. अधिकारी हसला आणि पुढच्या खाटेकडे गेला. तुझे वडीलही हसले. मी शेजारी उभी होते. मीही हसले." त्यांनी भिंग बाजूला ठेवलं. "रात्रपाळीनंतर त्या अधिकाऱ्याला गाठून मी सांगायला हवं होतं, की साहेब, हे नाव लिहून घ्या. मला ते सुचलंसुद्धा. पण उद्या सांगू म्हटलं, आणि उद्या तो निघून गेला. दर वर्षी पत्र का पाठवत होते, असं वाटतं तुला?"

सिस्टरनी वही भाचीकडे परत दिली.

"आमच्या वॉर्डात चाळीस खाटा होत्या. छातीवर लागलेली माणसं फार थोडी असायची, कारण ती आमच्यापर्यंत जिवंत यायचीच नाहीत. आमच्याकडे यायच्या त्या पाठी, मांड्या, टाचा. एक जण तर शौचाला बसला असताना जखमी झाला होता. घरी काय लिहू, म्हणून रडकुंडीला आला बिचारा. मी त्याच्या पत्रात लिहिलं, 'बसलो असताना लागलं.' अरे, गोळा काय आधी सांगून येतो, की बाबा, जरा तोंड इकडे कर? जखम कुठे झाली, हे जखमी माणूस ठरवत नाही. पण जखम सांगताना लाज वाटावी की नाही, हे मात्र बाकीचे ठरवतात. तुम्ही-आम्ही ठरवतो! तू हा अर्ज लिहिलास त्यात तुझ्या वडिलांचा मान नाही. त्यांना हसणाऱ्या माणसांचंच म्हणणं तू कबूल करून बसलास, की खरी गोष्ट सांगण्यासारखी नव्हती."

हे शेवटचं वाक्य मास्तरांना लागलं. बसमध्ये बसल्यावरही ते लागतच होतं. सिस्टरनी स्वतःच्या हाताने लिहिलेली साक्ष त्यांच्या पिशवीत होती, पण ती त्या अर्जाला जोडता येणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी मास्तर दुकान बंद ठेवून अभिलेख कार्यालयात गेले.

"अर्ज मागे घ्यायचाय," ते खिडकीवर म्हणाले. "पंधराव्या रकान्यात मी खोटं लिहिलंय."

कारकुनाने मान वर केली. मग इकडेतिकडे पाहिलं. "हळू बोला. अहो, थोडं मीठमसाला सगळेच लावतात. साक्ष आणलीत का?"

"आणलीय. पण खऱ्या गोष्टीची."

"हे पहा, मागे घेतलात तर नंबर जाईल. नव्याने अर्ज, नव्याने तपासणी. आणि एकदा खोटं लिहिल्याची नोंद फाइलला लागेल ती लागेलच. वरचे साहेब कदाचित दुसरा अर्ज बघणारही नाहीत. कशाला हात दाखवून अवलक्षण?"

आईचं वय एकोणऐंशी होतं. पदक मिळालं नाही, तर ते आपल्यामुळे मिळालं नाही असं होणार होतं. ते खिडकीपाशी इतका वेळ उभे राहिले, की मागचा माणूस खाकरला.

"नोंद लागू द्या," ते म्हणाले. "कोरा अर्ज द्या."

तो त्यांनी तिथल्याच बाकावर बसून, कोणाची मदत न घेता भरला. चौदावा रकाना : पाठीवर. पंधरावा : रिकामी पातेली घेऊन चालत परत येत होते.

त्यानंतर सात महिने काही झालं नाही. मग एक लिफाफा आला. त्यात पदक नव्हतं, प्रश्न होता. 'सदर इजा शत्रूच्या कारवाईमुळे झाली की स्वयंपाकाच्या साहित्यामुळे, याचा खुलासा करावा.' मास्तरांनी ते पत्र सिस्टरना पाठवून दिलं. त्यांचं उत्तर कार्यालयात थेट गेलं आणि त्याची प्रत मास्तरांना आली. ते एका ओळीचं होतं. 'महोदय, पातेलं आपण होऊन फुटत नाही.'

पुन्हा वाट पाहणं सुरू झालं. अर्जाची बातमी एव्हाना गल्लीत पसरली होती. एका सकाळी मास्तर सुई-दोऱ्याची खोकी घेऊन केशकर्तनालयावरून चालले होते, तेव्हा आतून हाक आली.

"काय मास्तर, पाठमोऱ्यांचं पदक आलं का? छातीवर लावायचं की पाठीवर?"

दुकान हसलं. इतकी वर्षं असं काही ऐकलं की मास्तर पावलांचा वेग वाढवत. त्या दिवशी ते थांबले, वळले आणि आत शिरले. त्यांनी खोकी बाकावर ठेवली.

"आलं नाही," ते म्हणाले. "येईल की नाही, सांगता येत नाही. पण तुम्ही सगळे इतकी वर्षं विचारताय, तर सांगतो. वडिलांना पातेलं लागलं."

कोणीतरी फिसकन हसलं.

"हसा. मीही हसलो असतो. ते अठ्ठावीस माणसांना जेवण देऊन रिकामी पातेली पाठीवर बांधून परत येत होते. मागे गोळा फुटला. पळाले असते तर भांडी वाजली असती आणि वरची माणसं मेली असती, म्हणून ते चालत होते. पाठीतून पातेल्याचे पाच तुकडे काढले. सात आठवडे पालथे पडून होते. घरी आल्यावर त्यांना आपण पाठमोरा म्हटलं. आपण म्हणजे तुम्ही, आणि मीही. मी तोंडाने म्हटलं नाही, पण रस्त्यात त्यांच्याबरोबर चालायची मला लाज वाटायची. एवढंच सांगायचं होतं."

ते खोकी उचलायला वाकले. कात्रीचा आवाज थांबला होता. खुर्चीत कॅप्टन बसले होते, अर्ध्या चेहऱ्यावर साबण. त्यांनी न्हाव्याचा हात बाजूला केला.

"मास्तर, थांबा जरा."

मास्तर थांबले. आता काहीतरी टोमणा येणार, असंच सगळ्यांना वाटलं.

"मी तोफेवर नव्हतो," कॅप्टन म्हणाले. ते आरशातल्या स्वतःकडे बघत बोलत होते. "मी खेचरांकडे होतो. खरारा करायचा, दाणापाणी करायचं. हा पाय खेचराने लाथ मारून मोडला. गोळा-बिळा काही नाही. छावणीतच."

न्हावी वस्तरा तसाच धरून उभा राहिला.

"घरी आलो तेव्हा स्टेशनावरच पहिल्या माणसाने विचारलं, गोळा लागला का? त्याचा चेहरा इतका उजळला होता, की मला नाही म्हणवेना. मग रोज तेच सांगत गेलो. माझ्या बायकोलाही तेच सांगितलं. ती तेच खरं मानून गेली." ते मास्तरांकडे वळले. "तुमचे वडील इथे समोर बसायचे, तेव्हा मला भीती वाटायची. ते सैन्यातले. एक दिवस विचारतील, कुठली तोफ, कुठली तुकडी? म्हणून मी आधीच त्यांना हसून घेतलं. ते दुकान सोडून गेले, आणि मी सुटलो!"

बाहेरून एक हातगाडी खडखडत गेली. कॅप्टननी टॉवेलाने चेहरा पुसला. साबण निघाला, पण टॉवेल डोळ्यांवरच राहिला.

मास्तरांना राग यायला हवा होता, आणि तो आलाही. ज्या माणसामुळे आपण वडिलांपासून दहा पावलं दूर चालत राहिलो, तो समोर बसला होता. पण त्याचबरोबर त्यांना पत्र्याच्या शेडखालचं ते स्टूल आठवलं. 'स्वतःच्या देहाची ढाल करून' वाचताना भरून आलेले आपलेच डोळे आठवले. या म्हाताऱ्याने रोज सकाळी खुर्चीत बसून केलं, तेच आपण एकदा सही-शिक्क्यानिशी केलं होतं.

"पाय दुखतो का अजून?" त्यांनी विचारलं.

कॅप्टननी टॉवेल खाली केला. हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारला नव्हता. "थंडीत दुखतो," ते म्हणाले.

"मग दुखणं खरं आहे," मास्तर म्हणाले. "खेचराचं असलं तरी." आणि ते दुकानातून निघाले.

पदक आलं ते आणखी पाच महिन्यांनी, पोस्टाने. समारंभ नव्हता, भाषण नव्हतं. पोस्टमनने सही घेतली आणि एक छोटी डबी हातात ठेवली. सोबतच्या कागदावर वडिलांचं नाव होतं, आणि कारणाच्या जागी लिहिलं होतं, 'कर्तव्यावर असताना शत्रूच्या तोफमाऱ्यात पाठीवर जखम'. आईने चष्मा लावून तो कागद वाचला.

"हे आमचेच," ती म्हणाली. "हे ओळखू आले."

मग तिने मास्तरांना सिस्टरना कळवायला सांगितलं, आणि त्या दोघींची पत्रं पुन्हा सुरू झाली. कॅप्टनही एकदा संध्याकाळी घरी येऊन गेले. त्यांनी आईची माफी मागितली. तिने ती लगेच दिली नाही. "विचार करते," असं म्हणाली, आणि पुढच्या आठवड्यात त्यांना चहाला बोलावलं. त्यांना कॅप्टन म्हणणं लोकांनी काही सोडलं नाही, पण तोफेची गोष्ट त्या खुर्चीत पुन्हा कोणी ऐकली नाही. तिथे आता ते खेचरांच्या गोष्टी सांगतात, आणि खरं सांगायचं तर त्या जास्त रंगतात.

वाचकहो, या हकिगतीत कोणी खलनायक नाही. एक हसरा अधिकारी, एक हसरा वॉर्ड, एक हसरं दुकान, बस्स. पण तेवढ्याने काय झालं ते बघा. एक खरा माणूस आयुष्यभर गप्प बसला, दुसऱ्याला आयुष्यभर खोटं बोलावं लागलं, आणि एक मुलगा आपल्या बापाबरोबर रस्त्याने चालला नाही. आपल्याला वीर हवे असतात, आणि तेही आपल्या मनातल्या चित्रासारखे. त्या चित्रात न बसणाऱ्याला आपण एक तर हसतो, नाही तर त्याच्याकडून खोटं वदवून घेतो.

युद्धं फक्त बंदुका चालवणारे लढत नाहीत. जेवण पोहोचवणारे, पट्ट्या बदलणारे, जनावरांना दाणा घालणारेही लढतात, आणि त्यांनाही लागतं. आपल्या घरात, आपल्या गल्लीत असं एखादं माणूस असेल, तर त्याला 'कुठे लागलं' हे विचारण्याआधी 'दुखतं का' हे विचारा. आणि ते जे सांगेल, त्यावर विश्वास ठेवा. पदक द्यायचं की नाही, हे सरकारच्या हातात आहे. एवढं मात्र आपल्या हातात आहे, आणि त्याला अर्ज लागत नाही!